एआयने दिलेलं गोपनीय उत्तर खरं की बनावट? ब्लॉकचेनवर नोंद हवीच, असं माझं मत

नोंदवही
एआयला विचारून काम करणारे वकील, डॉक्टर, सीए आता सगळीकडे आहेत. वाद उभा राहिला की ‘मला एआयनेच हे सांगितलं’ म्हणणाऱ्याच्या हातात एक स्क्रीनशॉट असतो, आणि ब्राउझरमध्ये मजकूर बदलून तसा स्क्रीनशॉट कुणीही दोन मिनिटांत बनवतो. तोच प्रश्न पुन्हा विचारावा तर उत्तर वेगळं येतं, तोवर मॉडेलही बदललेलं असतं. सगळं संभाषण दाखवावं तर अशिलाची नाही तर पेशंटची माहिती चव्हाट्यावर येते.

माझं म्हणणं असं की प्रत्येक गोपनीय उत्तराचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला त्याचा ठसा, त्याच वेळी सार्वजनिक ब्लॉकचेनवर, म्हणजे कुणा एकाच्या ताब्यात नसलेल्या आणि मागाहून बदलता न येणाऱ्या सामाईक वहीत, जावा. उत्तर आपल्याकडेच राहतं, बाहेर जातात फक्त ६४ अंक-अक्षरं. एक स्वल्पविराम हलला तरी हॅश पूर्ण बदलतो. ही कल्पना बिटकॉइनच्या आधीची आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी ती १९९१ साली मांडली, आणि पुढे त्यांची कंपनी दर आठवड्याला असा हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापू लागली. घरोघरी गेलेला अंक मागे घेऊन कोण बदलणार? नोंद वादातल्या कुठल्याच पक्षाच्या ताब्यात नसावी, एवढाच माझा आग्रह आहे.

वकीलताई
ठाम विरोध. अमुक मजकूर अमुक वेळी अस्तित्वात होता, एवढंच हॅश सांगतो. तो मॉडेलने लिहिला की तुम्ही टाइप केला, हे त्यातून कळत नाही. मी खोटं उत्तर रचून त्याचा हॅश चेनवर टाकला, तर त्या खोट्यालाच तारीख-वेळेचा शिक्का मिळेल.

आपल्याकडचा अनुभव जालन्याचा आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकरांचे अर्ज वेळेत आले होते का, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. खोतकरांविरुद्ध हरलेले उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी त्या चित्रीकरणाच्या अस्सलपणाचं प्रमाणपत्र दिलं नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र हाती होतं ते सगळं करूनही ज्याला ते मिळालं नाही, त्याला न्यायालयाने सूट दिली. आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशचा रकानाही आहे. पण खाली सही माणसाचीच लागते, आणि उलटतपासणी त्याच माणसाची होते. ब्लॉकचेनला मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कशी उभी करू?

नोंदवही
ताई, पहिला मुद्दा पूर्ण मान्य. म्हणून उत्तर सर्व्हरवरून निघतानाच एआय कंपनीने त्यावर फक्त आपल्याकडे असलेल्या गुप्त डिजिटल किल्लीने सही करावी, आणि सहीसकट हॅश नोंदवावा.

सर्व्हररूम
सही आली की ब्लॉकचेनची गरज संपली! २०११ साली वेबसाइटची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं देणारी डिजिनोटार ही डच कंपनी हॅक होऊन गूगलच्या नावाची खोटी प्रमाणपत्रं बाहेर पडली. त्यानंतर वेबसाइटच्या प्रमाणपत्रांसाठी जाहीर लॉग, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदयाद्या, आल्या. त्यांत भर घालता येते, पण गुपचूप काही खोडलं तर ते पकडलं जातं. त्यांना बिटकॉइनसारखं ना नाणं लागतं ना मायनिंग, म्हणजे नोंदी पक्क्या करायची संगणकांची शर्यत. दोन-तीन वेगवेगळ्या संस्थांनी असे लॉग चालवले तर पुरे.

नोंदवही
त्या संस्था निवडणार कोण? उद्या एआय कंपनीच प्रतिवादी असेल तर किल्ली तिची, घड्याळ तिचं. मागची तारीख टाकून नवं उत्तर सही करायला तिला किती वेळ लागेल? ओपनटाइमस्टॅम्प्स ही सेवा हजारो हॅश एका मर्कल ट्रीमध्ये, म्हणजे जोडीजोडीने पुन्हा हॅश काढत एका मुळाशी येणाऱ्या झाडात, गुंफून फक्त मुळाचा हॅश बिटकॉइनच्या एका व्यवहारात टाकते. खर्च नगण्य, आणि भरवसा कुणा एकावर ठेवावा लागत नाही.

ओपीडी
मी डॉक्टर आहे, मला भीती वेगळी वाटते. उत्तर ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ इतकंच असेल तर दोन्हींचे हॅश काढून कुणीही जुळवून पाहील. मग गोपनीय काय राहिलं? शिवाय २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. चेनवरून काय पुसणार? पेशंटने माझ्यावर विश्वास टाकलाय, तुमच्या गणितावर नाही.

नोंदवही
डॉक्टर, हॅश काढण्याआधी उत्तराला लांबलचक यादृच्छिक आकडा जोडायचा, त्याला सॉल्ट म्हणतात. मग अंदाज बांधून जुळवता येत नाही. मूळ उत्तर आणि सॉल्ट दोन्ही नष्ट केले की चेनवरच्या अक्षरांतून काहीच निघत नाही. कायदा याला ‘पुसलं’ म्हणेल का, हा प्रश्न मात्र उरतोच, आणि तो मोठा आहे.

वकीलताई
आणि निवडक पुराव्याचं काय? अशिलाने एकच प्रश्न दहा वेळा विचारला, दहाही उत्तरं सहीसकट नोंदवली, आणि कोर्टात सोयीचं तेवढं एक उघडलं. उरलेले नऊ हॅश कुणाचे, काय म्हणणारे, हे समोरच्या वकिलाला कधीच कळणार नाही. तुमची पद्धत इथे खऱ्या उत्तरांतूनच फसवणूक करू देते.

नोंदवही
प्रत्येक उत्तराच्या हॅशमध्ये आधीच्या उत्तराचा हॅश आणि अनुक्रमांक मिसळायचा. मग सातवं उत्तर दाखवणाऱ्याला आधी सहा होती, हे लपवता येणार नाही.

वकीलताई
सातव्यानंतरची तीन कशी दिसणार? आणि दुसऱ्या खात्यावरून विचारलेली? याचं उत्तर द्या, मग मी बाजू बदलायचा विचार करेन.