तंबोऱ्यातला गांधार ऐकू येत नाही, कान कसा तयार करावा?

उत्तरांग

नमस्कार. माझं वय ६४. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षं तर्कशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मुलंच येत नाहीत म्हणून तिथे हा विषय बंद झाला. त्याचं दुःख अजून गेलेलं नाही.

पहाटे साडेचारला उठतो. सहापर्यंत लिहितो. मुलांनी वर्गात आणि उत्तरपत्रिकांत केलेले युक्तिवाद मी वर्षानुवर्षं टिपून ठेवलेत, अशा १४ वह्या झाल्या. त्यातून मराठी उदाहरणांचं एक पुस्तक करतोय. "पाऊस पडला की एसटी उशिरा येते. आज एसटी उशिरा आली. म्हणून पाऊस पडला." उत्तरांग (परिणाम) मान्य करून पूर्वांग (अट) सिद्ध करण्याचा हा नेहमीचा दोष. पण त्या मुलीने उभं राहून सांगितलं होतं, "सर, आमच्या वाटेवर उशिराला दुसरं कारणच नाही." म्हणजे तिच्या मनात एक आधारविधान होतं, ते तिने कागदावर लिहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी उत्तर चूक ठरवण्याआधी न लिहिलेलं विधान शोधायला लागलो. दुपारी वाचन. सध्या 'नवभारत' मासिकाचे जुने अंक काढलेत. तत्त्वज्ञ मे. पुं. रेग्यांचे लेख वाचूनच मी या विषयाकडे वळलो होतो.

आणि संध्याकाळी गाणं. साठीला सुरुवात केली. चार वर्षं झाली, भूप आणि यमन हे राग चालू आहेत.

अडचण अशी. गुरुजी म्हणतात, तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून गांधार (ग) आपोआप येतो, तोच स्वयंभू गांधार, तो ऐकून त्याच्यावर आपला गांधार ठेवायचा. माझ्याबरोबर शिकणाऱ्या सातवीतल्या मुलीला तो पहिल्या महिन्यात ऐकू आला. मला नाही. मी तर्क केला: तंबोरा जुळलेला असेल तर गांधार ऐकू येतो, मला येत नाही, म्हणून जुळलेला नाही. युक्तिवाद अगदी युक्त. लगेच मिरजेला जाऊन जवारी काढून आणली, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून नीट करून घेतली. तरी नाहीच! मग कळलं, पहिल्या विधानातच गफलत होती. "ऐकणाऱ्याचा कान तयार असेल तर" एवढं त्यात राहून गेलं होतं. ३१ वर्षं मुलांना जे शोधायला सांगितलं, ते माझ्याच विधानात मला दिसलं नाही.

तो स्वर तिथे का असतो (तार पाच समान भागांतही कंप पावते) हे मी फळ्यावर मांडून दाखवू शकतो. पण न्यायसूत्रात, म्हणजे तर्काच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, अनुमानाला 'तत्पूर्वकम्' म्हटलंय, म्हणजे आधी प्रत्यक्ष, मग अनुमान. माझ्याकडे नुसतं अनुमान आहे. मला तो कानाने हवाय. वयामुळे कान गेला असेल का? की काही रियाज आहे?

खर्जाची_तार

सर, नमस्कार. मी वीस वर्षं गातेय, घरी चार तंबोरे आहेत. आधी एक सांगते, चारही तारा छेडत गांधार शोधू नका. इतर तारांच्या गुंजनात तो नवख्याला सापडत नाही. फक्त खर्जाची तार घ्या. घोडीपासून मेरूपर्यंत (वरच्या टोकाला तार टेकते ती पट्टी) तार मापा आणि घोडीपासून बरोबर पाचव्या हिश्श्यावर डाव्या हाताच्या बोटाचं टोक तारेला नुसतं टेकवा. दाबायचं नाही, धूळ पुसावी इतकंच. तार छेडा आणि बोट लगेच उचला. बाकीचे बरेच स्वर गळून जातील आणि गांधार एकटा उरेल. दहा वेळा असा ऐका, मग बोट न लावता छेडा आणि तोच स्वर धरून ठेवायचा प्रयत्न करा. माझ्या गुरूंनी मला हेच करायला लावलं होतं.

जवारीचं सूत, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा, तोही बघा. केसभर सरकलं तरी आवाज बुजतो. सूत हलवताना दुसऱ्या हाताने तार छेडत राहा, आवाज एकदम फुलतो ती जागा.

पेटीवाला

सर, कानाची भीती मनातून काढा. तुमची पट्टी काळी एक धरली तर सा साधारण १३८.६ हर्ट्झ, खर्ज त्याच्या निम्मा, ६९.३. गांधार म्हणजे खर्जाची पाचपट, ३४६.५. वयाने आधी जातात ते हजारोंच्या घरातले उंच स्वर. ३४६ म्हणजे साध्या बोलण्याच्या टापूतला आवाज.

माझा संशय वेगळा आहे. तुम्ही सुरुवात पेटीवर केलीत का? आजच्या बहुतेक पेट्या समान अंतराच्या सप्तकात लावलेल्या असतात. त्यातला तुमचा गांधार ३४९.२ वर येतो. तंबोऱ्यातला त्याच्याहून खाली आहे. तुम्ही पेटीचा गांधार मनात धरून शोधत असाल, तर तो तिथे नाहीच. मी स्वतः पेटी वाजवतो, तिच्यावर माझं प्रेम आहे, तरी सांगतो: महिनाभर रियाजाला पेटी उघडू नका.

अकरावी_कला

मी तुमचा विद्यार्थी नाही, पण अकरावीला तर्कशास्त्र होतं. सत्यता कोष्टकं भरताना जो आनंद मिळायचा तो पुन्हा कशात मिळाला नाही. सर, गाण्याबद्दल मला काही कळत नाही, एकच विनंती. त्या एसटीवाल्या मुलीचं उत्तर पुस्तकात तसंच्या तसं ठेवा. चिन्हं खाली येऊ देत, पण तिचं वाक्य वर हवं. आम्हाला पुस्तकात कायम सॉक्रेटिसच मर्त्य असायचा, आमच्या गावचं कुणी नसायचं.

उत्तरांग

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

ताई, शिवणकामाच्या टेपने तार मापली. ९२ सेंटीमीटर भरली. म्हणजे १८.४ वर बोट. तिथे तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) कागदाची पट्टी चिकटवून पेन्सिलीने खूण केली. पहिले चार दिवस नुसता 'ठक्' आवाज. बोट जड पडत होतं आणि उचलायला उशीर होत होता. पाचव्या दिवशी करंगळीने करून पाहिलं आणि एक बारीक, गोड, लांबचा स्वर आला. मी घाबरून हातच काढला. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे काय वाजलं?" म्हणजे तिलाही ऐकू गेला होता.

बोट न लावता मात्र पुढे आठ-नऊ दिवस काही नाही. मग परवा संध्याकाळी वीज गेली. पंखा थांबला. चारही तारा चालू होत्या, आणि खर्जानंतर तो वर आला. दोन आवर्तनं राहिला, गेला, पुन्हा आला. पेटीवाले, तुमचं खरं आहे, मी शोधत होतो त्याच्याहून तो खाली होता आणि शांत होता. आता रियाजाला पंखा बंद ठेवतो.

अकरावी कला, त्या मुलीचं वाक्य पहिल्या प्रकरणात पहिल्या ओळीला घेतलंय. आज पहाटेच ते पान पुन्हा लिहिलं.

ताई, एक विचारायचं राहिलं. कालपासून पंचमाच्या तारेनंतरही वर काहीतरी तरंगतंय असं वाटतं. पंचमाची पाचपट म्हणजे हिशेबाने शुद्ध निषाद यायला हवा. पण हिशेब आधी मांडल्यामुळे मला तो भासतोय की खरंच आहे?

खर्जाची_तार

आहे, सर. उद्या यमन म्हणताना निषादावर थांबा आणि त्याच्यात मिसळून बघा.