मदत हवी आहे: व्यापार करारांच्या बातम्यांवरून इंग्रजी शब्द शिकताना ओळखीचे शब्दच फसवतात

नमस्कार,

न्हावा शेवा बंदरातील आयात-निर्यातीची कागदपत्रे हाताळणाऱ्या एका सीएचएच्या (कस्टम हाउस एजंट, म्हणजे सीमाशुल्काचे काम पाहणारा दलाल) कार्यालयात मी सहा वर्षांपासून कामाला आहे. बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, पुढे बी.कॉम. केले. शिपिंग बिल किंवा सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन भरण्यापुरते इंग्रजी अंगवळणी पडले आहे; पण ते रकान्यांचे इंग्रजी झाले, वाक्यांचे नव्हे. म्हणून दोन वर्षांपूर्वी एक नेम धरला. रोज सकाळी कामावर जाताना व्यापार करारांविषयीची एक इंग्रजी बातमी वाचायची आणि अडलेले शब्द अर्थासह वहीत उतरवायचे. विषय कामाचा आहे आणि तेच शब्द पुन:पुन्हा भेटतात, त्यामुळे ते आपोआप पक्के होतील, असा माझा हिशेब होता.

वही भरली, पण हिशेब चुकला. अनोळखी शब्दांनी मला फारसा त्रास दिला नाही, कारण ते शब्दकोशात सापडतात. घात होतो तो ओळखीच्या शब्दांमुळे.

6 मे 2025 रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यातील मुक्त व्यापार कराराची बातमी आली, तेव्हा तिच्यात ‘कन्क्लूड’ हे क्रियापद होते. माझ्या वहीत त्याचा अर्थ ‘पूर्ण होणे’ असा लिहिलेला होता. दुसऱ्याच दिवशी सोलापूरच्या एका टॉवेल निर्यातदाराचा फोन आला आणि करार पूर्ण झाला आहे, आता तुमच्या मालावर तिकडे शुल्क लागणार नाही, असे मी त्यांना ठणकावून सांगितले. शेजारी बसलेल्या आमच्या साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि फक्त वाटाघाटी पूर्ण झाल्या आहेत, सह्यासुद्धा अजून व्हायच्या आहेत, असे त्या गृहस्थांना समजावले. सह्या झाल्या 24 जुलै 2025 रोजी, आणि त्यानंतरही ब्रिटनच्या संसदेतील प्रक्रिया बाकी होतीच. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की कन्क्लूड (वाटाघाटी संपणे), साइन (सह्या होणे), रॅटिफाय (देशाने रीतसर मान्यता देणे) आणि एंटर इंटू फोर्स (अमलात येणे) या एकाच जिन्याच्या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन या चार देशांच्या गटाशी झालेल्या आपल्या करारावर 10 मार्च 2024 रोजी सह्या झाल्या, तर तो अमलात आला 1 ऑक्टोबर 2025 रोजी. म्हणजे शेवटच्या पायरीला दीड वर्षाहून अधिक काळ लागला. मथळे लिहिणारे मात्र इंक, सील, क्लिंच असे आटोपशीर शब्द वापरतात, आणि त्यांवरून नेमकी कोणती पायरी गाठली आहे याचा पत्ता लागत नाही.

दुसरी अडचण आपल्या मराठीत आधीच मुरलेल्या इंग्रजी शब्दांची आहे. ‘लोन सँक्शन झाले’ असे आपण सर्रास म्हणतो, त्यामुळे सँक्शन म्हणजे मंजुरी हे डोक्यात घट्ट बसलेले असते, आणि बातमीत रशियावरील सँक्शन्स आले की ते निर्बंध असतात, नेमके उलटे. शेड्यूल म्हणजे वेळापत्रक हे शाळेपासून ठाऊक. करारात मात्र कोणत्या मालावरचे शुल्क किती आणि कधी कमी होणार याच्या लांबलचक याद्यांना शेड्यूल म्हणतात. पोलीस ऑन ड्यूटी असतो आणि ड्यूटी ऑन व्हिस्कीही असते, यावर कार्यालयात एकदा बराच हशा पिकला होता. कन्सेशन या शब्दाने तेवढा दगा दिला नाही, कारण लोकलच्या पासामुळे ‘सवलत’ हा अर्थ माहीत होता आणि तो इथेही चालून जातो.

या सगळ्यांत ‘मोस्ट फेवर्ड नेशन’ने मला सर्वांत जास्त चकवले. भारताने 1996 मध्ये पाकिस्तानला हा दर्जा दिला होता आणि पुलवामाच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी 2019 मध्ये तो काढून घेतला. त्या वेळी घरी आम्हा सर्वांचा समज असा होता की आपण त्या देशाला काही खास मान दिला होता. प्रत्यक्षात जागतिक व्यापार संघटनेच्या एका सदस्याला जी वागणूक द्यायची तीच इतर सदस्यांनाही द्यायची, एवढाच त्याचा अर्थ आहे. शब्दांतून लाडका पाहुणा डोळ्यांसमोर येतो आणि नियम मात्र सर्वांना एका पंक्तीत बसवण्याचा निघतो. अशा शब्दप्रयोगांचे तुकडे करून अर्थ लावला की फसगत ठरलेलीच.

तिसरी गोष्ट ‘टू’ आणि ‘बाय’ या दोन शब्दयोगींची. ब्रिटनबरोबरच्या करारात स्कॉच व्हिस्कीवरील आयातशुल्क 150 टक्क्यांवरून आधी 75 टक्क्यांवर आणि दहाव्या वर्षापर्यंत 40 टक्क्यांवर आणायचे ठरले आहे. सरावासाठी मी या बातमीचा सारांश इंग्रजीत लिहिला आणि ‘कट बाय सेव्हन्टी फाइव्ह पर्सेंट’ असे लिहून मोकळा झालो. माझ्या वाक्याप्रमाणे शुल्क 37.5 टक्के उरले असते. इथे ‘टू सेव्हन्टी फाइव्ह पर्सेंट’ हे बरोबर, ‘बाय फिफ्टी पर्सेंट’ हेही बरोबर, आणि ‘बाय सेव्हन्टी फाइव्ह पर्सेंटेज पॉइंट्स’ म्हटले तर तेही बरोबर. मराठीत ‘75 टक्क्यांनी’ आणि ‘75 टक्क्यांवर’ यांत माझी कधीच चूक होत नाही, याचे मला जास्त वाईट वाटते.

केलेले उपायही सांगतो, म्हणजे तेच पुन्हा सुचवण्याचे आपले श्रम वाचतील. पीआयबीची (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची) इंग्रजी आणि मराठी प्रसिद्धिपत्रके शेजारी ठेवून वाचून पाहिली. त्याचा उपयोग झाला. परंतु मराठी पत्रकातील शब्द कधीकधी इतके भारदस्त असतात की ते समजण्यासाठी मला इंग्रजीकडेच परतावे लागते. मोबाइलवरील शब्दसंग्रहाची दोन अ‍ॅपे वापरून सोडून दिली, कारण ती सुटे शब्द शिकवतात आणि माझे घोडे वाक्यात अडते.

आता नेमकी मदत कशात हवी ते लिहितो. शब्द एकेकटा न लिहिता पूर्ण वाक्यासह वहीत उतरवावा, असे एका मित्राने सुचवले आहे. तसे ज्यांनी केले असेल त्यांनी एकाच शब्दाचे दोन-तीन अर्थ एकाच पानावर ठेवले की अर्थानुसार वेगळी पाने केली, हे कृपया सांगावे. दुसरे असे की मथळ्यांचे इंग्रजी, बातमीचे इंग्रजी आणि प्रत्यक्ष कराराच्या मजकुराचे इंग्रजी या मला आता तीन वेगळ्या भाषा वाटू लागल्या आहेत. शिकताना त्यांचा क्रम कोणता ठेवावा? शेवटचा प्रश्न कायद्याचे इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी आहे. करारात कुठे नुसते ‘शॅल’ येते, कुठे ‘मे’, तर कुठे ‘शॅल एंडेव्हर टू’. पहिल्यात बंधन आहे आणि दुसऱ्यात मुभा आहे, एवढे मला कळते. तिसऱ्यात देशावर काही बंधन पडते की तो केवळ प्रयत्नाचा शब्द देतो, आणि ‘प्रयत्न करील’ एवढ्या मराठीत ती छटा पुरेशी उतरते का, हे कोणी उदाहरणासह समजावून दिल्यास वहीतील ते पान पुरे करता येईल. ते गेल्या महिन्यापासून कोरे आहे.