मदत हवी आहे : 'फाइन' म्हणजे उत्तम की नुसतं ठीक?

नमस्कार मंडळी, मी सोलापूर एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसचं काम बघते, बाहेरच्या पार्ट्यांचे मेल मीच वाचून मालकांना सांगते. आमच्याकडे फाइन सूत म्हणजे बारीक सूत, 20 काउंटपेक्षा 40 चं फाइन, नंबर वाढला की धागा बारीक, एवढं इथं कुणालाही कळतं. पण परवा सॅम्पल पाठवलं तर उत्तर आलं 'द क्वालिटी इज फाइन', मी खुशीत मालकांना सांगितलं एकदम उत्तम म्हणालेत, तर त्यांचा मुलगा म्हणाला अहो ताई, याचा अर्थ नुसतं ठीक आहे, चालेल. मग 'फाइन क्वालिटी' म्हणजे उंची माल आणि 'क्वालिटी इज फाइन' म्हणजे चालेल, शब्द पुढचा मागे गेला की अर्थ उतरतो का? 'आय अ‍ॅम फाइन' म्हणजे बरी आहे, 'फाइन प्रिंट' म्हणजे बारीक अक्षरातल्या अटी, हे माहितीय. दंडाचा फाइन तर वेगळाच.

मला ऑर्डरची काळजी लागलीय हो. नुसतं फाइन लिहिलं असेल तर खूश व्हायचं की परत विचारायचं, आणि विचारायचं तर कसल्या शब्दांत म्हणजे समोरच्याला राग येणार नाही, कुणीतरी सांगा प्लीज, उद्या उत्तर द्यायचंय.