गिटारला वेळ कधी देता? (अनुभव धागा)

मोगरा
परवा संध्याकाळी तासभर वीज गेली होती. टीव्ही, मिक्सर, पंखे, सगळं गप्प. आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी गिटार जुळवत असल्याचा आवाज आला. आधी जाड तार, मग एकेक वरची. पाचवी जरा चढली, परत उतरवली. मी लाटणं हातात धरून तशीच उभी.

२००१ साली पहिल्या पगारातून २,२०० रुपयांची गिटार घेतली होती, धोबी तलावच्या दुकानातून. ती घेऊन व्हीटीला डोंबिवली स्लो पकडली. संध्याकाळी सहानंतर लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नसते, पण त्या दिवशी बायकांनी ती हातोहात आत घेतली आणि वरच्या रॅकवर पर्सा सरकवून नीट आडवी ठेवली. ठाण्याला उतरताना एक मावशी म्हणाल्या, "शीक हं. नुसती भिंतीला टांगू नकोस."

चार वर्षं रोज वाजवली. मग लग्न, बदली, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. गिटार जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली ती गेलीच. परवा रात्री जेवणं झाल्यावर शिडी लावून काढली. तीन तारा तुटलेल्या, बाकीच्या गंजलेल्या. मावशींचं वाक्य आठवून फार वाईट वाटलं.

नव्या तारा घातल्यात. पण पहाटे ५.३० ते रात्री १०.३० यात सलग अर्धा तास कुठे सापडत नाही. तुम्ही घर, नोकरी, मुलं सांभाळून कधी वाजवता? किती वेळ? जुन्या आठवणीही लिहा.

वरणफळं
कुकर लावला की. डाळ-भाताच्या शिट्ट्या होईपर्यंत कॉर्ड (अनेक तारा एकदम वाजवून येणारे सूर) बदलायचे, सी ते जी, जी ते डी, एवढंच. गिटार स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर असते. कव्हरमध्ये ठेवली की चेन उघडायचाही कंटाळा येतो, हे मी दोन वर्षांत शिकले. फोडणीच्या वाफेपासून मात्र लांब.

सातमाळा
अंबडला कंपनीत आहे, तीन पाळ्या. रात्रपाळी करून सकाळी पावणेआठला घरी येतो तेव्हा मुलगी शाळेत गेलेली, बायको ऑफिसला निघालेली. झोपायच्या आधीची २० मिनिटं माझी. खालच्या घरात आजोबा आजारी असतात, म्हणून ब्रिजपाशी, म्हणजे तारा खाली जिथे बांधलेल्या असतात त्या पट्टीपाशी, तारांच्या खाली घडी घातलेला रुमाल सरकवतो. आवाज एकदम दबतो, टकटक एवढंच ऐकू येतं, पण बोटांचा सराव पूर्ण होतो. आठवडा बदलून पहिली पाळी आली की दोन दिवस विस्कटतं, मग परत बसतं.

काजवा
@मोगरा, धोबी तलाव म्हणजे फुर्टाडोज का? आणि गिटार घेऊन समोर कयानीत बन मस्का खाल्ला की नाही ते आधी सांगा!

मोगरा
दुकान दुसरं होतं, छोटं. आणि कयानीत मावा केक खाल्ला, गिटार शेजारच्या खुर्चीवर बसवून. :)

पेठकर
कयानी तर पुण्यात. ईस्ट स्ट्रीट. श्रूजबेरी.

काजवा
ती कयानी बेकरी. ही मुंबईची कयानी अँड कंपनी, १९०४ ची, मरीन लाइन्सची. दोन्ही वेगळ्या. मावा केक दोन्हीकडे मिळतो, भांडू नका.

हर्णै
रत्नागिरीत जून ते सप्टेंबर तारा टिकतच नाहीत. दमट हवा, त्यात समुद्र जवळ. वाजवून झालं की प्रत्येक तार सुती फडक्याने वरून आणि खालूनही पुसायची. खालून पुसायला लोक विसरतात, गंज तिथूनच धरतो. कव्हरात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या, औषधाच्या डब्यांतल्या साठवते मी. लाकडाला ४५ ते ५५ टक्के दमटपणा बरा म्हणतात, आमच्याकडे पावसाळ्यात ८५ असतो. वेळेबद्दल लिहायचं राहिलंच. माझं दूध तापेपर्यंत. कधी कधी ऊतही जातं.

बर्फाळ
@हर्णै, आमचं बरोबर उलटं. टोरांटोत हिवाळ्यात हीटर सुरू झाला की घरातली हवा २०-२५ टक्क्यांवर येते. पहिल्याच वर्षी माझ्या गिटारच्या पुढच्या फळीला बारीक चीर गेली. पुण्याहून हातात धरून आणली होती, त्या रात्री झोप लागली नाही. आता गिटारच्या पोटात ओलसर स्पंजची डबी लटकवते. सराव म्हणाल तर शनिवारी मुलगा मराठी शाळेत असतो ते दीड तास, बाहेर गाडीत, मागच्या सीटवर. हातमोजे काढून आधी पाच मिनिटं बोटं चोळावी लागतात.

वरणफळं
बाई गं. गाडीत! तुला दंडवत.

तिसरी घंटा
मी गिटार शिकवतो, मुलांनाही आणि मोठ्यांनाही. मोठी माणसं वेळ नाही म्हणून सोडतात असं सगळे धरून चालतात. माझ्याकडे येणारे बहुतेक बोटं दुखतात म्हणून सोडतात आणि सांगतात वेळ नाही. म्हणून मोगराताई, आधी गिटार तपासून घ्या. इतकी वर्षं माळ्यावर होती, मान वाकली असेल. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) तार फ्रेटपासून ३ मिलिमीटरहून जास्त वर असेल तर कारागिराकडून खाली करून घ्या. तारा १२ च्या जाडीच्या असतील तर १० च्या, म्हणजे बारीक घाला, ताण कमी होतो. घट्टे पडायला दोन-चार आठवडे लागतात आणि ते रोज थोडं वाजवलं तरच पडतात. रविवारी तीन तास बसलात तर नुसते फोड येतील.

आणि गाणं दरवेळी पहिल्यापासून वाजवू नका. जिथे अडतं तो एकच बदल घ्या. मोबाइलवर ६० सेकंद लावा आणि सी वरून एफ वर किती वेळा स्वच्छ जाता ते मोजा. पहिल्या दिवशी आठ होतील, दहा होतील. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, दुधाच्या हिशेबाशेजारी. पाच मिनिटांत एवढं होतं.

रानजाई
एफ ला माझी दोन वर्षं गेली. पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा दाबायच्या, मनगट भरून यायचं. क्लासमधले सर सगळ्यांसमोर म्हणाले होते की बायकांची बोटं लहान, तुम्ही सोपी गाणी घ्या. तेव्हा सोडली. नऊ वर्षांनी परत घेतली आणि कळलं की बोट थोडं कडेवर वळवायचं आणि अंगठा मानेच्या मागे मध्यावर ठेवायचा. बोटाच्या लांबीचा काही संबंध नव्हता.

तिसरी घंटा
अजिबात नव्हता. वाईट वाटलं वाचून.

सातमाळा
रानजाई, अंगठ्याचं आज रात्रीच करून बघतो. माझाही एफ अजून खरखरतोच.

ओटीवर
गिटार नाही, पेटी. चालेल का? ऐंशी वर्षांच्या आईला झोप लागेपर्यंत वाजवते. हळू भाता मारला की तिला त्रास होत नाही, उलट मध्येच डोळे मिटून सूर चुकल्याचं सांगते.

मोगरा
चालेल काय, धावेल. आईंना नमस्कार सांगा.

निवृत्त६८
वरच्या सगळ्यांचे वाचले. तरुणपणी मी हवाईयन गिटार शिकलो. मांडीवर आडवी ठेवतात, डाव्या हातात लोखंडी बार, तारा दाबाव्याच लागत नाहीत. पं. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. त्यांचे ऐकून आमच्यासारखे कितीतरी वेडे झाले. पं. विश्वमोहन भट्टांनी पुढे मोहनवीणा केली, १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाले. माझ्या बोटांना आता संधिवात आहे. साधी गिटार जमणार नाही, पण बार धरता येतो. सकाळी फिरून आल्यावर अर्धा तास भूप. नोकरीत असताना ३१ वर्षे एक दिवसही वाजवली नाही, त्याची आज खंत वाटते. म्हणून मोगरा यांना सांगतो, अर्धा तास मिळण्याची वाट पाहू नका.

बर्फाळ
काका, रेकॉर्ड करून टाका ना भूप.

निवृत्त६८
नातू शनिवारी येतो, त्याला सांगतो.

पाणवठा
मी वाजवत नाही. गिटार दादाची. २०२१ मध्ये कोविडने गेला. आईला ती खोलीतून हलवायची नव्हती, तशी धूळ बसलेलीही बघवत नव्हती. म्हणून मी दर रविवारी पुसायला लागले. मग पुसताना सूर उतरलेला लक्षात यायचा, म्हणून फोनवर ट्यूनर घेतला. सहा तारांचे सूर, ई ए डी जी बी ई, पाठ झाले. जुळवून झाल्यावर एकदा सहाही तारांवरून अंगठा फिरवायचा, बस. दोन वर्षं एवढंच करत होते. या फेब्रुवारीत ई मायनर शिकले, दोनच बोटं लागतात. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, परत वाजव.

वरणफळं
काय लिहू कळत नाही. आईंना सांभाळा. तुम्हालाही.

हर्णै
ई मायनरनंतर ए मायनर घ्या पाणवठा. तीन बोटं. दोन्हीत एक अख्खं गाणं बसतं. काही अडलं तर इथेच विचारा, मी रोज बघते.

पाणवठा
विचारते. दादाच्या वहीत ए मायनर काढून ठेवलाय, त्याच्या अक्षरात.

पेठकर
पुण्यात मान सरळ करून देणारा चांगला कारागीर कुणाला माहीत आहे का? माझीही माळ्यावरच आहे. हे सगळं वाचून आत्ताच काढली.

काजवा
पेठकर, व्यक्तिगत निरोप बघा. आणि येताना श्रूजबेरी आणा.

मोगरा
सगळ्यांचं दोनदा वाचलं, ऑफिसला जाताना आणि येताना. तिसरी घंटा, पट्टीने मोजलं, ४ मिलिमीटर भरलं. शनिवारी दाखवायला नेते आहे. तोवर रुमाल घालून फक्त सी ते ए मायनर. धाकटा वेळ लावून मोजतो. सोमवारी ११, काल १४, आज १३. त्याने कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलंय. १० च्या तारा स्टीलच्या घेऊ की फॉस्फर ब्राँझच्या?

तिसरी घंटा
फॉस्फर ब्राँझ. आवाज उबदार येतो. आणि जुन्या तारा काढताना एकदम सगळ्या कापू नका, आधी सैल करा.