इंजिन बंद असताना ऑइल प्रेशरचा काटा फुल्ल! (एमजीबी जीटी + रोव्हर व्ही८)

कोव्हेंट्रीकर:
नमस्कार मंडळी, इथे इंग्लंडमध्ये माझ्याकडे १९७० ची एमजीबी जीटी आहे, मूळचं फोर सिलिंडर इंजिन काढून रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही८ बसवलंय. गाडी सुरू झाली त्या दिवशी डोळ्यात पाणी आलं खरंच, पण आता मीटरनी छळ मांडलाय. मूळचा ऑइलचा दाब आणि पाण्याचं तापमान एकत्र दाखवणारा मीटर आधीच गेला होता म्हणून व्हीडीओ कंपनीचे दोन इलेक्ट्रिक मीटर घेतले, सेंडर (इंजिनवर बसून मीटरला माप पाठवणारे भाग) मात्र दुसरीकडे स्वस्त मिळाले म्हणून तिकडून मागवले. आता चावी फिरवली की इंजिन सुरू व्हायच्या आधीच प्रेशरचा काटा शेवटाला जाऊन टेकतो, आणि सुरू केल्यावर खाली येतो!! टॅकोमीटर (इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणारा) पण आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, १६०० दाखवतोय, कानाला तर ८०० च्या आसपास वाटतंय. वायरिंग तीनदा तपासलं. मीटरच खराब आलेत का?

वायरमन_पुणे:
मीटर खराब नाहीत दादा, जोडी चुकलीय. सेंडर म्हणजे दाबानुसार बदलणारा रेझिस्टन्स, बाकी काही नाही. व्हीडीओच्या युरोपियन मीटरला शून्य दाबाला साधारण १० ओहम आणि फुल्ल दाबाला १८० च्या आसपास लागतात. अमेरिकन पद्धतीचा सेंडर बरोब्बर उलटा, शून्याला २४० आणि फुल्लला ३३. म्हणजे इंजिन बंद असताना तुमच्या मीटरला २४० दिसतात आणि तो बिचारा काटा शेवटाला नेऊन ठेवतो. वायर काढा, इंजिन बंद ठेवून सेंडरचं टोक आणि बॉडी यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा, एका मिनिटात कळेल.

कोव्हेंट्रीकर:
आत्ता मोजलं, २३८ !! मध्ये एखादा रेझिस्टर टाकून जमेल का? सेंडर परत घेत नाहीयेत ते.

वायरमन_पुणे:
नाही जमणार, कारण दिशाच उलटी आहे, रेझिस्टरने आकडा सरकेल पण चढणारा उतरणार नाही. मीटरच्या कंपनीचाच सेंडर घ्या, आणि रेंज पण तीच बघा, ५ बारच्या (साधारण ७२ पीएसआय) मीटरला ५ बारचाच.

नटबोल्ट:
रेंजचं बोलणं निघालंच तर, रोव्हर व्ही८ चं प्रेशर मुळातच कमी असतं, गरम झाल्यावर २४०० आरपीएमला ३०-४० पीएसआय म्हणजे ठीकच. जुन्या इंजिनचे ६०-७० डोक्यात ठेवलेत तर उगाच इंजिन उघडून बसाल. म्हणून ५ बारचा मीटर बरा, १० बारच्यावर काटा खालच्या कोपऱ्यातच रेंगाळतो.

आणि एक कळकळीचं सांगतो, नवा सेंडर बसवताना आटे बघा. एनपीटी (अमेरिकन) आणि बीएसपी (ब्रिटिश) या आट्यांच्या दोन पद्धती, दोन्ही १/८ म्हणून विकतात, पण एकाला इंचाला २७ आटे आणि दुसऱ्याला २८, सुरुवातीला दोन फेरे छान जातात मग अडतं, आणि आपण पाना जोरात ओढतो. हा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, आटे गेले की रडायची वेळ. मी एकदा दुसऱ्या इंजिनवर हे केलंय, पूर्ण एक रविवार आणि गेलेले आटे दुरुस्त करायचं एक हेलिकॉइल किट गेलं. टेफ्लॉन टेपपण गुंडाळू नका भरमसाट, एका वायरच्या सेंडरचं अर्थिंग आट्यांतूनच होतं.

वायरमन_पुणे:
टॅकोचं सोपं आहे. फोर सिलिंडरमध्ये एका फेऱ्याला दोन स्पार्क, आठमध्ये चार, म्हणून दुप्पट दाखवतोय. डायलवर बारीक अक्षरात आरव्हीआय लिहिलंय का बघा, तसं असेल तर तो कॉइलच्या वायरमधला करंट वाचणारा जुना प्रकार. मूळचा चेहरा ठेवायचा असेल तर आतलं सर्किट आठ सिलिंडरचं करून घ्या, डायल आणि काटा जुनाच राहतो. मी तरी तो डायल कधीच बदलणार नाही.

नटबोल्ट:
+१. आणि पेट्रोलचा मीटर चालतोय ना? मग त्याला हात लावू नका. टाकी जुनी, तिचा फ्लोट जुना, मीटर जुना, ती जोडी जुळलेली आहे. फक्त त्याला व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून सरासरी १० व्होल्ट मिळतात, नव्या मीटरांना मात्र पूर्ण १२ लागतात, त्यांची वायर तिथून घेऊ नका.

कोव्हेंट्रीकर:
अरे देवा, पाण्याच्या मीटरची वायर नेमकी तिथूनच घेतलीय! म्हणूनच तो ७० अंशांच्या वर जात नव्हता. आरव्हीआयच आहे. ५ बारचा सेंडर मागवला, यायला शुक्रवार होईल, तोवर वायर बदलतो आणि आटे मोजायची पट्टी कुणाकडे मिळते का बघतो.