लॅटेक्सची अ‍ॅलर्जी आणि दातांच्या तारा: रबरांचं काय करायचं?

पाऊलवाट
१४ वर्षांच्या मुलीला वर-खाली दोन्हीकडे ब्रेसेस लावायचं ठरलंय. फुगा फुगवला की तिचे ओठ सुजतात. रबरी हातमोजे घालून दात तपासले, तर दहा मिनिटांत हनुवटीवर गांधी उठतात. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात, वरचे-खालचे दात जुळवायला लावतात ती रबरं नॉन-लॅटेक्स देऊ. तेवढ्याने भागतं का, की आणखी कुठे कुठे लॅटेक्स असतं? आणि ही रबरं लवकर ढिली पडतात म्हणे, मग उपचार लांबणार का?

केतकीपान
आधी अ‍ॅलर्जी कुठल्या प्रकारची आहे ते ठरवून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

दहा मिनिटांत गांधी, ओठांना सूज, हे लॅटेक्समधल्या प्रथिनांमुळे होणाऱ्या तात्काळ अ‍ॅलर्जीचं लक्षण आहे. यातच पुढे दम लागू शकतो, घसा आवळू शकतो, रक्तदाब पडू शकतो. दुसरा प्रकार उशिरा दिसतो: एक-दोन दिवसांनी त्वचा लाल होते, खाजते, भेगा पडतात. त्याला बहुतेक वेळा प्रथिनं नव्हे, तर रबर पक्कं करताना घातलेली थायुराम, कार्बामेट यांसारखी रसायनं कारण असतात. ही रसायनं नायट्राइलच्या (लॅटेक्स नसलेल्या कृत्रिम रबराच्या) हातमोज्यांतही असू शकतात. म्हणून 'नायट्राइल वापरलं तरी खाज येतेच' अशी तक्रार असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर-फ्री (म्हणजे ही रसायनं नसलेले) नायट्राइल किंवा व्हिनाइल मागायचे.

पहिल्या प्रकारासाठी स्किन प्रिक (त्वचेवर थेंब टाकून टोचून बघतात) किंवा रक्तातली लॅटेक्स-आयजीई (अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं) तपासणी, दुसऱ्यासाठी पॅच टेस्ट (पाठीवर पट्टी चिकटवून काही दिवसांनी बघतात). प्रिक टेस्टआधी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, रक्ततपासणीला ती अट नाही. रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं रिपोर्टपेक्षा जास्त बोलकी आहेत. केळं, किवी, अ‍ॅव्होकाडो, पपई खाल्ल्यावर तोंड खाजतं का, हेही अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना सांगा. यातली काही प्रथिनं लॅटेक्सच्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात.

तारेवरचा
ब्रॅकेट (दातावर चिकटवतात तो छोटा तुकडा), तार, चिकटवायचं सिमेंट यांत लॅटेक्स नसतं. ब्रॅकेटवर बसवतात त्या रंगीत रिंगा (मॉड्यूल) आणि पॉवर चेन (अशाच रिंगांची जोडलेली साखळी) बहुतेक पॉलियुरेथेनच्या असतात. तरी त्यांच्या पाकिटावरचं लेबल वाचायला सांगाच.

खरी शोधाशोध बाकीच्या गोष्टींत असते:

- दाढांना बँड (धातूचं कडं) बसवण्याआधी फटीत घालतात ते सेपरेटर. काही लॅटेक्सचे असतात. त्याऐवजी पितळी तार किंवा स्प्रिंगचे सेपरेटर चालतात.
- दात पॉलिश करायचा रबरी कप.
- तोंड उघडं ठेवायचा रबरी ठोकळा आणि रबर डॅम (दात वेगळा ठेवायला तोंडावर ताणतात तो पातळ पडदा). डॅम नायट्राइल किंवा सिलिकॉनचा मिळतो.
- हेडगिअरचा (डोक्यामागून दातांना ओढ देणाऱ्या साधनाचा) पट्टा आणि मास्कचं इलॅस्टिक.
- दाढ काढायची असेल तर भूल द्यायच्या काडतुसाचं बूच आणि पडदा. बऱ्याच कंपन्या आता लॅटेक्सविना बनवतात, पण बॉक्सवर बघायला हवं.

दवाखान्यात पावडरचे लॅटेक्स हातमोजे वापरत असतील, तर ती पावडर प्रथिनं घेऊन हवेत तरंगते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी संस्था) २०१७ पासून पावडरच्या हातमोज्यांवर बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण होतं. म्हणून दिवसातली पहिली वेळ मागा. नायट्राइल फक्त डॉक्टरांच्या हातात असून चालत नाही, ट्रे लावणाऱ्या मदतनिसाच्या हातातही हवं.

आणि 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' हा शब्द बघून गप्प बसू नका. त्याचा अर्थ लॅटेक्स नाही असा होत नाही. 'नैसर्गिक रबर लॅटेक्स वापरलेलं नाही' असं स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. रबरं बहुतेकदा मोठ्या पाकिटातून छोट्या झिप पाकिटात भरून देतात आणि घोळ तिथेच होतो. मूळ कंपनीचं पाकीटच मागा. रंगावर जाऊ नका, लॅटेक्सची रबरंही रंगीत असतात.

घड्याळजी
ताकदीबद्दल. पाकिटावर १/४ इंच, ४.५ औंस असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा रबराचा आतला व्यास, म्हणजे ६.४ मिमी. दुसरा जोर, साधारण १२८ ग्रॅम. हा जोर रबर व्यासाच्या तिप्पट ताणल्यावरचा, म्हणजे इथे सुमारे १९ मिमी. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंतचं अंतर त्याहून जास्त असेल, तर जोरही जास्त पडणार. म्हणून आकड्यावर न विसंबता डॉक्टरांनी तोंडात रबर लावून गेजने (जोर मोजायच्या साधनाने) मोजावं, हे उत्तम.

दोन्ही प्रकारच्या रबरांचा जोर पहिल्या काही तासांत झपाट्याने उतरतो. नॉन-लॅटेक्सचा जास्त उतरतो आणि पुढेही उतरत राहतो. लॅटेक्सचं रबर दिवसातून एकदा बदलून निभावतं, तिथे हे दोन-तीनदा बदलावं लागतं: सकाळी ब्रश केल्यावर, दुपारी जेवल्यावर, झोपताना. नेमका हिशोब डॉक्टर सांगतील.

जोर कमी पडतो म्हणून आपल्या मनाने एका हुकावर दोन रबरं लावू नका. जड रबर नवं असताना दातावर नको इतका ताण देतं, हूक किंवा ब्रॅकेट निघतं आणि तीन तासांनी ते पुन्हा ढिलंच. त्यापेक्षा योग्य मापाचं रबर वारंवार बदललेलं बरं. तसं केलं तर उपचार लांबायचं कारण नाही. लांबतो तो रबर न लावल्याने, मग ते कुठलंही असो. नॉन-लॅटेक्स रबरं तुटतातही जास्त. दप्तरात सुटं पाकीट ठेवा, पण उन्हात नको.

बिनतारी
अलायनर (तारांऐवजी घालायचे पारदर्शक प्लॅस्टिकचे साचे) घ्या ना, हा सगळा घोळच नको.

घड्याळजी
अलायनरमध्येही जबडा जुळवायला बटणांना किंवा खाचांना रबरं लावावी लागतात, आणि न सांगितल्यास तीही लॅटेक्सचीच येतात. रबरंच नको असतील, तर काही रुग्णांत वरच्या-खालच्या जबड्यामध्ये पक्क्या स्प्रिंग बसवतात. पण ते दातांच्या ठेवणीवर ठरतं आणि गालाच्या आत टोचतातही. निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर आणखी विचार करावा लागतो.

पाऊलवाट
सगळ्यांचे आभार. एक शंका: तारा लावल्यावर तोंडात लाली किंवा फोड आले, तर ते लॅटेक्सचं की कशाचं, कसं ओळखायचं?

केतकीपान
जागा बघा. ओठांबाहेर, हनुवटीवर, जिथे हातमोजा लागला तिथे पुरळ असेल तर संशय हातमोज्यावर. गालाच्या आत रबर जिथून जातं त्याच रेषेत लाली असेल तर रबरावर. सगळ्या ब्रॅकेटभोवती हिरडी फुगली असेल तर बहुतेक घास अडकून साठलेला मळ, क्वचित निकेल: स्टेनलेस स्टीलमध्ये आणि निकेल-टायटॅनियमच्या तारेत ते असतं. एकाच ठिकाणी पांढरट, दुखरा फोड आणि समोर तारेचं टोक असेल तर ती जखम आहे. तिथे मेण लावा.

ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, शिट्टीसारखा श्वास येऊ लागला, चक्कर आली, तर रबरं लगेच काढा. अ‍ॅड्रेनालिनचं पेन लिहून दिलेलं असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्या आणि रुग्णवाहिका बोलवा. तिला आडवं करून पाय उंच ठेवा, दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. अ‍ॅलर्जीची गोळी खाज कमी करते, घसा उघडत नाही. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच, काही तासांनी त्रास उलटू शकतो. पेन लागेल का, हे तारा लावायच्या आधीच अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना विचारून ठेवा. तसं असेल तर एक शाळेतही हवं.