परभणीहून मे महिन्यात हिमाचल, आई-बाबा आणि लेकरं सोबत. शिमला-मनालीच करावं का?

गोदाकाठचा_माणूस
नमस्कार मंडळी. यंदा लेकरांच्या सुट्टीत पहिल्यांदाच घरच्या सगळ्यांना घेऊन हिमालय बघायला जायचं म्हणायलोय. आम्ही सहा जण: मी, बायको, दोन पोरं (१२ आणि ७), आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात, सपाटीला चालती पण पायऱ्या फार झाल्या की बसून घेती. बाबांना बीपीची गोळी चालू आहे. इथं मेमध्ये ऊन कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको, दुपारी अंगणात पाय ठेवता येत नाही. २५ मेच्या आसपास निघायचं आणि हातात दहा-अकरा दिवस. ज्याला विचारावं तो शिमला-मनाली म्हणतो, एका एजंटनं पॅकेज पण दिलंय: दिल्लीपर्यंत रेल्वे, तिथून रात्रभर बस, मग शिमला २ रात्री, मनाली ३ रात्री. आईला रात्रभर बसमध्ये बसवायचं म्हटलं की माझाच जीव खालवर होतो. पोरांना बर्फ पाहिजे. कुणी म्हातारी माणसं घेऊन गेलं असेल तर खरं काय ते सांगा.

जालना_स्टील
भाऊ, मनाली चांगलंच आहे, मी दोनदा गेलो. बर्फ पाहिजे असेल तर तेच. पण मे-जूनमध्ये अख्खा उत्तर भारत तिकडंच असतो, गाड्यांच्या रांगेत दोन-तीन तास जाऊ शकतात. रोहतांग ३९७८ मीटरवर, तिथं हवा विरळ, बाबांना बीपी आहे म्हणता तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका, आणि परमिट ऑनलाइन काढावं लागतं, मंगळवारी रस्ता दुरुस्तीसाठी बंद असतो. त्यापेक्षा अटल बोगद्यातून पलीकडं लाहौलमध्ये जा, २०२० ला सुरू झाला, ९ किलोमीटरचा आहे. बोगद्यातून बाहेर पडलं की डोंगराचा रंगच बदलतो, इकडं हिरवं तिकडं उघडं आणि वर बर्फ. सिस्सू गावात बसून चहा घेतला ते मला अजून आठवतं.
आणि शिमल्याला गेलात तर कालक्याहून छोट्या रेल्वेनंच जा, १९०३ ची लाइन आहे, ९६ किलोमीटर आणि शंभराच्या वर बोगदे, लेकरं खिडकी सोडत नाहीत.

औंढा_रोड
दहा दिवस आणि सहा जणांचं बजेट बघता चिखलदरा का नाही? हिंगोली-वाशिम-अकोला करत स्वतःच्या गाडीनं जाता येतं, उंची ११०० मीटरच्या आसपास, संध्याकाळी गार वारा सुटतो. गाविलगड, भीमकुंड, कॉफीचे मळे. मेमध्ये दुपारी तिथंही तापतं हे मात्र खरं.

माय_तुळजाई
दादा, मी तुमच्याच परिस्थितीतून गेलेय, सासू-सासरे आणि लेकी घेऊन, म्हणून जरा लांब लिहिते.

तुम्ही दिल्लीला उतरूच नका. सचखंड तुमच्या परभणीवरून जाते ना, तीच गाडी सरळ अमृतसरपर्यंत धरा. सकाळी बसलात की दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसर. रात्रीची बस नाही, गाडी बदलणं नाही, आईंना खालचा बर्थ मिळाला की झालं. वाटेत काही स्टेशनांवर लंगर येतो, डाळ-भात, कढी, कधी खिचडी, फुकट आणि इतक्या प्रेमानं वाढतात. घरून ताटल्या-वाट्या घेऊन जा, आम्ही पहिल्या वेळी नेल्या नव्हत्या तर शेजारच्या नांदेडच्या ताईंनी त्यांच्या दिल्या.

अमृतसरला एक दिवस पुरे, तिथं पण ऊन कडक. दरबार साहिब, म्हणजे सुवर्णमंदिर, पहाटे करा, दुपारी संगमरवर तापतो आणि अनवाणी चालवत नाही. जालियनवाला बाग लागूनच आहे.

मग गाडी करून पठाणकोटकडं निघाल ना, तेव्हा ड्रायव्हरला बटाल्याहून घुमानला वळायला सांगा. आपले नामदेव महाराज, नरसीचे, हिंगोली जिल्ह्यातले, त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं त्या गावात काढली. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथंच झालं होतं. माझ्या सासूबाई दरवर्षी वारी करतात, त्या तिथं गुरुद्वाऱ्यात बसल्या आणि हळूच अभंग म्हणायला लागल्या, बाजूला बसलेली एक पंजाबी आजी हात जोडून ऐकत राहिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सगळ्या ट्रिपमध्ये मला तेवढा एक क्षण परत पाहिजे.

पठाणकोटहून डलहौसी ८० किलोमीटर आहे पण वळणं फार, ज्याला गाडी लागते त्याला निघायच्या आधी गोळी द्या आणि पोट भरून जेवू नका. डलहौसी २००० मीटरच्या आसपास, म्हणजे गार पण धाप लागत नाही. मनालीसारखी गर्दी नाही. समोर पीर पंजालची बर्फाची रांग दिसते. सासरे रोज सकाळी स्वेटर घालून गॅलरीत बसायचे, नाश्त्याला हाक मारावी लागायची. पंजपुल्याला भगतसिंगांचे काका सरदार अजितसिंग यांची समाधी आहे, ते १५ ऑगस्ट १९४७ लाच गेले, त्याच गावात. लेकीला ही गोष्ट सांगितली तर ती बराच वेळ गप्प होती. खज्जियार तिथून पाऊण-एक तास, देवदारांच्या मधोमध मोकळं कुरण, आईंना खुर्ची टाकून बसता येईल असं.

गोदाकाठचा_माणूस
ताई, घुमानचं वाचून आईला दाखवलं. ती म्हणाली नामदेवाच्या गावाला जायचं असेल तर गुडघ्याचं मी बघते. पण पोरांच्या बर्फाचं काय करावं? आणि डलहौसी झालं की पुढं?

माय_तुळजाई
बर्फ हातात घ्यायचा हट्ट असेल तर त्या वाटेवर मेमध्ये नाही मिळणार, लेकरांना आधीच सांगून ठेवा म्हणजे तिथं गेल्यावर रडारड नाही. बर्फाचे डोंगर मात्र रोज समोर.

पुढं धरमशाला, डलहौसीहून चार-पाच तास. मॅक्लिओडगंजला दलाई लामांचं मंदिर, तिथले भिक्षू अंगणात वादविवाद करतात, हातावर हात आपटून प्रश्न विचारतात, पोरांना ते बघायला आवडेल. खालून वर जायला रोपवे झालाय, आईंचे पाय वाचतील. भागसूचा धबधबा मात्र चढ आहे, आई-बाबांना खालीच मंदिरापाशी बसवा.

लेणीवेडा_संभाजीनगर
मधे बोलतो, माफ करा. धरमशाल्याला जाताय तर मसरूर सोडू नका, गाडीनं दीडएक तास. एकाच खडकाच्या डोंगरातून कोरलेली मंदिरं, आपल्या वेरूळच्या कैलासासारखी, दोन्ही साधारण आठव्या शतकातली. आपला कैलास बेसाल्टमधला म्हणून अजून धारदार उभा आहे, मसरूर वाळूच्या दगडातलं, झिजलंय, त्यात १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपात बराच भाग ढासळला. पण पुढं तळं आहे, त्यात मंदिराचं प्रतिबिंब आणि मागं धौलाधारचा बर्फ. वेरूळला पोरांना नेलं नसेल तर निघायच्या आधी एकदा नेऊन आणा, मग मसरूर बघताना त्यांना आपोआप कळेल. माझं ऐका, तिथं पोचल्यावर पहिल्यांदा आपलं गावच आठवतं.

जालना_स्टील
हे माहितच नव्हतं. मी दोनदा मनालीला जाऊन आलो आणि सचखंड माझ्या दारावरून जाते. भाऊ, ताईचं ऐका, बर्फासाठी पोरांना मोठं झाल्यावर न्या.

माय_तुळजाई
आणि हो, रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, २५ मे धरलं तर २६ मार्चला सकाळी आठला बसा. सिनियर सिटिझनचा लोअर बर्थ कोटा भरायला विसरू नका. परतीचं पण त्याच हिशोबानं, नाहीतर जाणं होतं आणि येताना वेटिंग. स्वेटर प्रत्येकी एकच पुरे, पण आईंना कानटोपी घ्या.

गोदाकाठचा_माणूस
२६ तारखेचा अलार्म लावला. पॅकेजवाल्याला नाही म्हणून कळवलं. या रविवारी वेरूळला चाललोय, आई पण येते म्हणायली.